रामेनचा वाडगा आणि वाळीत टाकलेली माणसे

गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी, बुद्धवंदना आटोपल्यावर, आम्ही अकरा जण ओसाकातील एका छोट्या रामेन दुकानासमोर रांगेत उभे होतो. दारावर हाताने लिहिलेली पाटी होती. पुढील दोन आठवडे एक विशेष रामेन मिळेल आणि दिवसाला त्याचे वीसच वाडगे विकले जातील, असा तिचा आशय होता. अशा पदार्थाला जपानमध्ये ‘गेन्तेई’, म्हणजे मर्यादित, म्हणतात. कधी त्यामागील कारण खरेच असते. एखादी भाजी किंवा मासा ठरावीक दिवसांतच मिळतो, अथवा रस्सा शिजविण्यास इतका वेळ लागतो की एका माणसाच्या हातून त्याहून अधिक वाडगे होतच नाहीत. कधी ती केवळ विक्रीची युक्ती असते. कारण काहीही असो, ‘गेन्तेई’ या दोन अक्षरांपुढे जपानी माणूस थंडीवाऱ्यातही रांग लावतो, आणि एव्हाना आम्हालाही ती सवय लागली आहे.

आत जाताच तिकिटाचे यंत्र होते. पैसे टाकून बटण दाबायचे, तिकीट घ्यायचे आणि ते मालकाच्या हाती द्यायचे. आमच्यापैकी सहाव्या माणसाने बटण दाबले आणि त्यावर ‘संपले’ असे दर्शविणारा लाल दिवा लागला. उरलेल्या पाच जणांनी नेहमीचे रामेन घेतले.

त्या विशेष रामेनमध्ये ‘आबुराकासु’ होते. गाईबैलांच्या आतड्याचे तुकडे त्यांच्याच चरबीत मंद आचेवर तळत ठेवले, की चरबी वितळून वेगळी होते आणि कढईत तपकिरी, कुरकुरीत तुकडे उरतात. ‘आबुरा’ म्हणजे तेल, ‘कासु’ म्हणजे गाळ किंवा चोथा. रश्श्यात पडल्यावर हे तुकडे मऊ होतात, तरी त्यांचा चिवटपणा जात नाही, आणि साऱ्या रश्श्याला ते एक खरपूस गोडवा देतात. आमच्याबरोबर एक ज्येष्ठ आयुष्मती होत्या. मुलाकडे काही महिन्यांसाठी त्या मराठवाड्यातून आल्या होत्या. त्यांनी पहिला घास घेतला आणि शेजारी बसलेल्या सुनेला त्या म्हणाल्या, “अगं, हे तर आपल्या चान्यांवानी लागतंय!”

काही जण हसले, काही गप्प झाले. चान्या हा शब्द आम्ही कित्येक वर्षांत चारचौघांत उच्चारला नव्हता. पुण्या-मुंबईच्या वसतिगृहांत, बंगळुरूच्या कार्यालयांत आणि पुढे परदेशातील भारतीयांच्या स्नेहसंमेलनांतही आम्ही तो गिळून टाकला होता. दुकानाच्या पाटीवरही अशीच एक गोष्ट गिळलेली होती. तिच्यावर ‘दक्षिण ओसाकाची जुनी चव’ एवढेच शब्द होते. ही चव कोणी जपली, याचा उल्लेख नव्हता. त्या न लिहिलेल्या ओळीचा इतिहास येथे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

नाव बदलत गेलेला पदार्थ

रामेन आज जपानची ओळख मानले जाते, पण त्याला जपानी म्हणण्यास जपानी समाजाने बराच काळ घेतला. रामेनच्या वाडग्यात सामान्यतः पाच गोष्टी असतात. हाडे, कोंबडी, मासे किंवा भाज्या उकळून केलेला रस्सा, वाडग्याच्या तळाशी आधी घातलेला सोया सॉसचा, मिठाचा किंवा मिसोचा खारट अर्क, थोडे सुगंधी तेल, गव्हाचे नूडल, आणि वर मांडलेले मांस, अंडे, पातीचा कांदा इत्यादी. नूडलच्या पिठात ‘कान्सुई’ नावाचा क्षार घालतात. सोडियम आणि पोटॅशियम यांच्या कार्बोनेटांचे ते मिश्रण असते. आपल्या पापडखाराचाच तो भाऊबंद. त्यानेच नूडलला पिवळसर रंग आणि चिवटपणा येतो. हे तंत्र चीनमधून आले, आणि ते आणणारी माणसेही चिनीच होती.

१८५९ मध्ये योकोहामा बंदर परकी व्यापाराला खुले झाले. युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर चिनी दुभाषे, कारागीर, हमाल आणि आचारी आले व त्यांची एक वस्ती तेथे उभी राहिली. जपानी लोक तिला ‘नान्किनमाची’ म्हणत. तेथील गाड्यांवर मिळणाऱ्या नूडलना ‘नान्किन सोबा’ आणि पुढे ‘शिना सोबा’, म्हणजे चिनी नूडल, असे नाव पडले. १९१० मध्ये ओझाकी कान्इची यांनी टोकियोच्या आसाकुसा भागात ‘राइराइकेन’ हे दुकान काढले. ओझाकी पूर्वी योकोहामाच्या कस्टम्समध्ये नोकरीला होते. त्यांनी योकोहामाच्या चिनी वस्तीतूनच आचारी आणले आणि सोया सॉसच्या रश्श्यातील नूडल सामान्य कामगाराला परवडेल अशा दरात विकले. जपानी मालकाचे रामेन दुकान म्हणून त्याचे नाव इतिहासात घेतले जाते. चुलीपुढे उभ्या राहिलेल्या त्या आचाऱ्यांची नावे मात्र क्वचितच घेतली जातात.

‘रामेन’ या नावामागेही एक कथा आहे. हा शब्द बहुधा चिनी ‘लामियान’, म्हणजे हाताने ओढून केलेले नूडल, यावरून आला. तो रूढ कसा झाला, याविषयी साप्पोरो शहरात अशी कथा सांगतात. तेथे १९२२ मध्ये ‘ताकेया शोकुदो’ ही खाणावळ सुरू झाली. तिच्यात चीनच्या शान्तुंग प्रांतातील एक आचारी होता. गिऱ्हाईक त्याचे नूडल मागताना चिनी लोकांना हिणविणारी शिवी त्या पदार्थाच्या नावात सहज वापरत. मालकिणीला ते खटकले. पदार्थ तयार झाला, की आचारी त्याच्या भाषेत “हाव ला!” असे ओरडून सांगे. त्यातील ‘ला’ उचलून तिने पदार्थाचे नाव ‘रामेन’ ठेवले. या कथेतील प्रत्येक तपशील सिद्ध करता येणार नाही, पण ती इतकी वर्षे सांगितली जाते यालाच अर्थ आहे. ज्या शब्दाने आज जगभर रांगा लागतात, तो आपल्या आचाऱ्याला शिवी बसू नये म्हणून जन्मला, अशी त्या शहराची आठवण आहे.

त्यानंतरच्या वर्षीच, १ सप्टेंबर १९२३ रोजी, टोकियो-योकोहामा परिसरात महाभूकंप झाला. परकी लोक दंगा करीत असल्याच्या अफवा उठल्या आणि हजारो कोरियन व शेकडो चिनी माणसे मारली गेली. त्याच भूकंपानंतर उद्ध्वस्त झालेल्या शहरात नूडलच्या हातगाड्या वाढल्या. लोकांना चिनी अन्न हवे होते. चिनी शेजारी हवा होता असे नव्हे.

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर ‘शिना’ या शब्दाला चिकटलेला आक्रमणाचा वास सर्वांनाच जाणवू लागला. १९४६ मध्ये जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने हा शब्द टाळण्याची सूचना काढली. ‘शिना सोबा’चे ‘चुका सोबा’ झाले आणि हळूहळू ‘रामेन’ सर्वत्र रुळले. त्या उपासमारीच्या वर्षांत अमेरिकेहून आलेला गहू काळ्या बाजारात पोहोचत असे आणि त्याच्या नूडलवर शहरे जगत होती. ओसाकातील उमेदा स्थानकाजवळच्या काळ्या बाजारात अशाच एका गाडीपुढची लांब रांग एका माणसाच्या मनात ठसली. त्याचे नाव आन्दो मोमोफुकु. पुढे इकेदा येथील घराच्या परसातील खोपटात त्याने तळून वाळविलेले नूडल तयार केले आणि २५ ऑगस्ट १९५८ रोजी ‘चिकन रामेन’ बाजारात आणले. किंमत होती ३५ येन. झटपट नूडलचा हा जनक जपानी सत्तेखालील तैवानमध्ये १९१० साली जन्मला होता आणि त्याचे मूळ नाव गो पेक-होक होते. म्हणजे योकोहामाच्या हमालापासून ओसाकाच्या या उद्योजकापर्यंत रामेनचा वाडगा परक्या मानलेल्या माणसांच्या हातांनीच पुढे सरकत आला.

हाडे, कातडी आणि विटाळ

रामेनचा रस्सा बहुधा हाडांचा असतो. क्यूशू बेटावरील कुरुमे गावात १९३७ मध्ये डुकराच्या हाडांचे रामेन सुरू झाले. दहा वर्षांनी त्याच गावातील एका दुकानात रस्सा चुकून फार वेळ उकळत राहिला आणि पांढराशुभ्र झाला, असे सांगतात. जोरदार उकळीत हाडांतील चिकट द्रव्य आणि चरबी पाण्यात एकजीव होतात, म्हणून तो रंग येतो. आज ‘तोन्कोत्सु’ या नावाने तो रस्सा प्रसिद्ध आहे. पण हाडांना हात लावणाऱ्या माणसांचे या देशात काय झाले, हे पाहिल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मु याने गाईबैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास बंदी केली. बंदी चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंतची होती. हरीण आणि रानडुक्कर तिच्यात नव्हते. तिच्यामागे बौद्ध विचारांचा प्रभाव होता हे खरे. पण ही बंदी शेतीच्या हंगामातील आहे आणि तिच्यात कामाच्या जनावरांना आधी स्थान आहे, हेही ध्यानी घेतले पाहिजे. आपल्यासाठी मारलेले न पाहिलेले, न ऐकलेले आणि तशी शंकाही नसलेले मांस भिक्खूने स्वीकारावे, अशी विनयात मोकळीक आहे. प्राणिमात्रांवर करुणा ठेवण्याच्या उपदेशातून माणसाचा विटाळ मानणारी व्यवस्था निघत नाही. ती निघाली ती राज्यकर्त्यांच्या गरजेतून आणि शुचितेच्या जुन्या समजुतीतून. धर्माने तिला आश्रय दिला, हे मात्र नाकारता येत नाही.

मेलेला बैल कोणीतरी ओढून न्यावाच लागतो. चिलखतांना, खोगिरांना आणि ढोलांना कातडे लागतेच. हे काम करणाऱ्यांना वेगळ्या वस्त्यांत ठेवण्यात आले. तोकुगावा राजवटीत त्यांची अवस्था कायद्याने पक्की झाली. त्यांना ‘एता’ म्हणत. ज्या अक्षरांत तो शब्द लिहीत, त्यांचा अर्थ ‘पुष्कळ विटाळ’ असा होतो. आज तो शब्द शिवी आहे. इतिहासासाठी म्हणूनच आम्ही तो येथे लिहितो. याच काळात हिकोने संस्थानातून मिसोत मुरविलेले गोमांस शोगुनाकडे ‘औषध’ म्हणून नजराण्यात जात असे. खाणारा शुद्ध राही आणि कापणारा अपवित्र ठरे. महाराष्ट्रातील गावकुसाबाहेर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

१८७१ मध्ये मेइजी सरकारने हा भेद रद्द केल्याचा आदेश काढला. १८७२ मध्ये सम्राटाने स्वतः गोमांस खाल्ल्याची वार्ता प्रसिद्ध झाली आणि मांसाहार सुधारणेचे चिन्ह ठरला. मांसाचा विटाळ असा एका वर्षात फिटला, पण माणसांचा फिटला नाही. त्याच १८७२ च्या कुटुंबनोंदणीत कित्येक ठिकाणी त्यांच्यापुढे ‘नवे सामान्यजन’ असे लिहून जुनी ओळख कायम ठेवण्यात आली. पुढच्याच वर्षी मिमासाका भागात नव्या सरकारविरुद्ध दंगल उसळली, तेव्हा या वस्त्यांवर हल्ले झाले आणि अनेकांचे प्राण गेले. शिवाय कातड्याच्या कामावरील त्यांचा परंपरागत हक्कही गेला. कलंक त्यांच्याकडे उरला आणि उत्पन्न इतरांकडे गेले.

पाण्याची समपातळी

३ मार्च १९२२ रोजी क्योटो येथे या समाजाने ‘सुईहेईशा’ ही संघटना स्थापन केली. ‘सुईहेई’ म्हणजे पाण्याची समपातळी. कोणाच्या दयेने नव्हे तर स्वतःच्या बळावर मुक्ती मिळवू, असे तिने जाहीर केले. जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारे साइको मान्किची हे एका बौद्ध विहाराच्या कुटुंबात जन्मलेले तरुण होते. सुईहेईशाने होंगान्जी या बलाढ्य बौद्ध मठांनाही जाब विचारला आणि त्यांना वर्गणी न देण्याचे आवाहन केले. गरीब वस्त्यांतून शतकानुशतके पैसा घेणाऱ्या मठांनी त्या वस्त्यांची मंदिरे मात्र वेगळी आणि खालच्या दर्जाची ठेवली होती.

पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले. एका देशात समतेला पाण्याच्या पातळीचे नाव मिळाले, दुसऱ्यात तिची कसोटी पाण्यावरच लागली. दोन्ही लढ्यांना परस्परांची माहिती होती असे आम्ही म्हणत नाही. पण अपमान सारखा असला, की त्याचे उत्तरही बरेचसे सारखे निघते.

हा भेद आजही पुरता गेलेला नाही. १९७५ मध्ये अशा वस्त्यांची नावे व पत्ते असलेल्या छुप्या याद्या कंपन्या विकत घेत असल्याचे उघड झाले. नोकरीसाठी आलेला उमेदवार कोणत्या वस्तीतला, हे त्यांवरून पाहिले जाई. टोकियोच्या शिबाउरा येथील मांसबाजारातील कामगारांना निनावी, द्वेषाने भरलेली पत्रे येत आली आहेत. बाजारातील माहितीकेंद्रात ती लोकांना वाचण्यासाठी मांडून ठेवली आहेत. बुराकु समाजाविरुद्धचा भेदभाव दूर करण्यासाठी स्वतंत्र कायदा व्हावयास २०१६ साल उजाडले.

चोथ्याची चव

आता पुन्हा आबुराकासुकडे वळू. जनावर कापले, की चांगले मांस बाहेर विकले जाई आणि आतडी, फुप्फुसे, शेपटी वस्तीत उरत. त्यांतून टिकाऊ व पोटभरीचे अन्न करण्याची कला ओसाका परिसरातील या वस्त्यांनी विकसित केली. आतडी तळून आबुराकासु झाले. मांसाच्या पट्ट्यांना मीठ लावून, धुरी देऊन किंवा वाळवून ‘साइबोशी’ झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस आबुराकासु घातलेले उदोन ओसाकात सर्वत्र मिळू लागले आणि मग ते रामेनमध्येही आले. २००५ साली उएहारा योशिहिरो या लेखकाने, जो स्वतः या समाजातील आहे, वाळीत टाकलेल्या लोकांच्या अन्नाविषयी एक पुस्तक लिहिले, तेव्हा अनेक जपानी वाचकांना आपण काय खातो हे पहिल्यांदाच समजले.

आमच्या आयुष्मतींना आठवलेल्या चान्या म्हणजे याच साइबोशीची दूरची बहीण. गोमांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून दोरीवर उन्हात वाळवायच्या, डब्यात साठवायच्या आणि पावसाळ्यात, हाताला काम नसताना, भाजून किंवा कालवणात शिजवून खायच्या. शाहू पाटोळे यांच्या २०१५ मधील ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकाने मराठवाड्यातील हा स्वयंपाक छापील पानावर आणला. त्याआधी मराठी पाककृतींच्या पुस्तकांत तो शोधूनही सापडत नसे.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो आणि त्या दिवशी आमच्यातही तो झाला. परतीच्या गाडीत आमच्यापैकी एकाने विचारले, की बाबासाहेबांनी महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले, मग आपण हे कौतुकाने का आठवावे? प्रश्न योग्य होता. बाबासाहेबांनी जे सोडावयास सांगितले ते मृत मांस, उष्टे-शिळे अन्न आणि त्यांच्यामागची लाचारी. मेलेले ढोर ओढण्याची सक्ती आणि त्याचे मांस हाच मोबदला, ही साखळी तोडल्याखेरीज माणूस ताठ उभा राहू शकत नव्हता. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेच्या उगमाचा संबंध बौद्ध धम्माविषयीच्या द्वेषाशी आणि गोमांसभक्षणाशी जोडून दाखविला. तेथेही दोष खाणाऱ्याच्या पानात नाही, तर त्या पानावरून माणसाची किंमत ठरविणाऱ्या व्यवस्थेत आहे. लाचारी सोडणे हे आमच्या आज्या-पणज्यांनी केले. त्यांच्या कष्टांची आणि कल्पकतेची लाज वाटून घेणे हे त्या आज्ञेत कोठेच नव्हते. ते आम्ही आमच्या पदरचे घातले.

अशोकाच्या डोंगरावरून आलेला आचारी

विशेष नूडलच्या वाडग्याची एक फार जुनी गोष्ट बौद्ध वाङ्मयात आहे. १२२३ मध्ये दोगेन हा तरुण जपानी भिक्खू धम्माच्या शोधात चीनला गेला. त्याचे जहाज आजच्या निंगबो बंदरात उभे असताना सुमारे साठ वर्षांचा एक भिक्खू जपानी अळंबी विकत घेण्यासाठी जहाजावर आला. तो आयुवांग डोंगरावरील विहाराचा आचारी होता. ‘आयुवांग’ म्हणजे अशोक राजा. आपल्या सम्राट अशोकाचे नाव धारण करणारा तो विहार आजही तेथे आहे. दुसऱ्या दिवशी सण होता. विहारात विशेष असे काही नव्हते, म्हणून सर्वांसाठी नूडलचा रस्सा करावा असे आचाऱ्याच्या मनात होते, आणि त्यासाठी तो पस्तीसएक ली, म्हणजे वीसएक किलोमीटर अंतरावरून आला होता.

दोगेनने त्याला रात्री राहण्याचा आग्रह केला. स्वयंपाक दुसरे कोणी करील, असे सुचविले. या वयात ध्यान आणि ग्रंथ सोडून चुलीपाशी का राबता, असेही विचारले. म्हातारा हसला आणि म्हणाला, की तुला अजून साधना म्हणजे काय ते कळलेले नाही. मग तो तसाच परत निघाला. दोगेनला ती भेट जन्मभर विसरता आली नाही. १२३७ मध्ये त्याने विहारातील आचाऱ्यासाठी ‘तेन्झो क्योकुन’ हा ग्रंथ लिहिला आणि त्यात ही हकिगत नोंदविली. भाजी निवडणे आणि तांदूळ धुणे ही बुद्धमार्गाचीच कामे आहेत, असा त्या ग्रंथाचा आशय आहे.

हा दोगेन जपानमधील सोतो झेन पंथाचा संस्थापक. त्याच पंथाची पुढील वागणूकही येथे सांगितली पाहिजे. एता ठरविलेल्या माणसांना मृत्यूनंतर जी धार्मिक नावे देत, त्यांत ‘पशू’ अशा अर्थाची अक्षरे घालून थडग्यावर कोरण्याची चाल जपानमधील अनेक बौद्ध पंथांत होती, आणि सोतो पंथ त्याला अपवाद नव्हता. १९७९ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे भरलेल्या जागतिक धर्म व शांतता परिषदेत या पंथाच्या तत्कालीन वरिष्ठ प्रतिनिधीने, जपानमध्ये बुराकु समाजाविरुद्ध भेदभाव नाही, असे सांगितले. त्यावर मोठा निषेध झाला. १९८४ मध्ये त्यांनी ते विधान जाहीरपणे मागे घेतले. दरम्यान पंथाने आपल्या मंदिरांतील नोंदवह्या आणि थडगी तपासून तसली नावे बदलण्याचे काम हाती घेतले.

आम्ही धम्माकडे समतेसाठी आलो. आमच्या घराण्यांच्या धम्मजीवनाची सुरुवात १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षाभूमीवरून होते. त्यामुळे बुद्धाचे नाव घेणाऱ्या मठांनी मेलेल्या माणसालाही पशू म्हटले, हे वाचताना आम्हाला फार वेदना होतात. पण ते दडविणे आम्हाला योग्य वाटत नाही. धम्म स्वीकारला म्हणून विषमता आपोआप जात नाही. ती शोधून काढावी लागते. सोतो पंथाने उशिरा का होईना, थडग्याथडग्यांवर जाऊन ती शोधली, याचीही नोंद असावी.

वीस वाडगे

त्या रविवारी निघताना आमच्यातील एकाने दुकानमालकाला विचारले, की आबुराकासु करण्यास कोठे शिकलात? “आजीकडून,” ते म्हणाले. मग थोडे थांबले आणि पुन्हा भांडी धुऊ लागले. आमच्या मित्राच्या ओठांवर पुढचा प्रश्न आला होता, की आजी कोणत्या गावच्या? पण तो त्याने विचारला नाही. या प्रश्नाची धार आम्हाला ठाऊक आहे. “पूर्ण नाव काय? मूळ गाव कोणते?” हे परदेशातही नव्या भारतीय ओळखीतून कसे सहज विचारले जाते आणि उत्तर ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. मालक कोणत्या समाजाचे आहेत हे आम्हाला माहीत नाही, आणि ते जाणून घेण्याचा आम्हाला अधिकारही नाही. या लेखात आम्ही कोणत्याही वस्तीचे नाव दिलेले नाही, तेही याच कारणासाठी.

मग पाटीवर न लिहिलेल्या त्या ओळीचे काय करावे? पदार्थ मोठा होतो आणि तो घडविणारी माणसे विसरली जातात, हे रामेनच्या बाबतीत चिनी आचाऱ्यांपासून घडत आले आहे. त्यावर आम्हाला सुचलेले उत्तर साधे आहे. दुसऱ्याची ओळख विचारू नये, स्वतःची मात्र सांगावी. चान्या आमच्या आहेत. त्यांचे नाव घेण्यास आम्हाला कोणाची परवानगी लागत नाही.

म्हणून येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या भोजनदानात प्रत्येक पदार्थापुढे एक चिठ्ठी ठेवावी, असे आमच्यात ठरले आहे. तिच्यावर पदार्थाचे नाव, कोणत्या भागातला आणि घरात तो कोण करीत असे, एवढे लिहायचे. भाकरी, मिरचीचा ठेचा, वजडी, ज्यांना चालतील त्यांच्यासाठी चान्या, आणि शाकाहारी बांधवांसाठी जे असेल ते. आमच्यातील काहींना हे अजूनही पटलेले नाही. त्यांच्याशी बोलणे चालू आहे आणि कोणावर सक्ती नाही.

त्या दिवशी विशेष रामेनचे सहाच वाडगे आमच्या वाट्याला आले होते. आमच्या आयुष्मतींनी आपल्या वाडग्यातील आबुराकासुचे तुकडे चमच्याने उचलून ज्यांना मिळाले नव्हते त्यांच्या वाडग्यात एकेक घातले. जपानी दुकानात असे करणे शिष्टाचाराला धरून नाही, म्हणून सून त्यांना हळूच थांबवू पाहत होती. मालकाने ते पाहिले आणि काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी कढईतून एका बशीत आणखी काही तुकडे काढले आणि ती बशी आमच्यासमोर ठेवली. अशोकाच्या डोंगरावरचा तो म्हातारा आचारी सणाचा विशेष वाडगा करण्यासाठी उन्हातून चालत आला होता, आणि त्याच्या मनातला तो वाडगा विहारातील प्रत्येकासाठी होता.

नमो बुद्धाय. जय भीम.